अमेरिकन नागरिक, ओसीआय आहे: मनीषनगरचा फ्लॅट की बेसाच्या पुढचा प्लॉट?

संत्रानगरी_सॅनहोजे
नमस्कार मंडळी. मी अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड), मुक्काम कॅलिफोर्निया. बायको जन्माने अमेरिकन, तिच्याकडे ओसीआय नाही, लग्नाला तीन वर्षं झाली. नागपुरात घर घ्यायचं आहे. मनीषनगरला बांधकाम चालू असलेला टू-बीएचके ६८ लाखांना मिळतोय. दुसरीकडे बेसाच्या पुढे १,५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे. दलाल म्हणतो, "सात-बारा शेतीचा दिसते, पण आरएल येऊन राहिलं, टेन्शन नका घेऊ." (आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर.) विचारायचं असं: प्लॉट मला चालेल का? बायकोचं नाव टाकता येईल का? कॉलेजच्या काळातलं बचत खातं अजून चालू आहे, त्यातून बयाणा देऊ का? भाऊ म्हणतो सरळ आईच्या नावाने घे, भानगड नको. रजिस्ट्रीला मी येऊ शकणार नाही, बाबा सही करतील. आणि अमेरिकेत हे कुठे दाखवायचं?

खसरा_नंबर
प्लॉटचा विषय आधी संपवतो. सात-बारा शेतीचा असेल तर तुमच्यासाठी सौदा तिथेच थांबला. फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) ओसीआयला राहतं घर किंवा व्यापारी गाळा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय घेता येतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. "होणार आहे" याला फेमात जागा नाही, विक्रीपत्राच्या दिवशी जमीन काय आहे तेवढंच पाहतात. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट जाऊ शकतो. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, त्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेती घेता येत नाही. म्हणजे दोन्हीकडून अडकलात. (वडिलोपार्जित शेती वारशाने आली तर ठेवता येते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.)

अकृषक, मंजूर लेआउटमधला प्लॉट असेल तर घ्या की, पण कागद मुळातून पाहा. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला फोटो म्हणजे कागद नव्हे. मौजा (गाव), खसरा नंबर (जमिनीचा क्रमांक) आणि पटवारी हलका नंबर (तलाठी सज्जा) हे तिन्ही सात-बारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि आरएल पत्र या चारही कागदांवर एकच हवेत. आरएल पत्रावर तुमचाच प्लॉट नंबर आणि तेवढंच क्षेत्रफळ आहे का ते बघा. अख्ख्या लेआउटच्या मंजुरीची झेरॉक्स दाखवून विकणारे पुष्कळ. पत्र नागपूर सुधार प्रन्यासचं की एनएमआरडीएचं (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ते लिहून घ्या आणि त्याच कार्यालयात जावक क्रमांक देऊन पडताळा. गुंठेवारीचा (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला) लेआउट असेल तर २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरण झालंय का आणि डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरल्याची पावती आहे का हेही विचारा. डिमांड अर्धवट भरलेली असते, मग नकाशा पास करायला गेल्यावर बाकी रक्कम नव्या मालकाच्या बोडक्यावर बसते. फेरफार नोंदी आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर आणि विक्री नव्याने चालू असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर संपदा प्राधिकरण) क्रमांक पाहिजेच.

धरमपेठ, रामदासपेठकडचं जुनं काही पाहत असाल तर लीजची जमीन किंवा नझूल (सरकारी मालकीची) निघू शकते. तिथे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क कोणी भरायचं ते बयाण्याआधीच ठरवा.

दस्त_मुद्रांक
फ्लॅटचं बोलू. महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडून विंग, मजले आणि पूर्णत्वाची तारीख तुम्हाला सांगितलेल्याशी जुळवा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तुमच्या बाबतीत ६ लाख ८० हजार. "आधी २० टक्के द्या, मग ॲग्रीमेंट करू" म्हटलं की समजून जा.

वरचा खर्च धरा: मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा धरून नागपुरात सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेपाच लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, ३ लाख ४० हजार. एक टक्क्याचा दर ४५ लाखांपर्यंतच्या घरांना, तुम्ही त्यात बसत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही, तेव्हा दोन्हींची तुलना करताना ही रक्कम विसरू नका. महिलांची १ टक्का सवलत खरेदीदार फक्त महिला असतील तरच, तुमचं नाव जोडलं की गेली.

किंमत ५० लाख किंवा वर आहे, म्हणून बिल्डरच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. त्यासाठी पॅन लागतो. जुना पॅन असेल तर आयकर पोर्टलवर तुमचा दर्जा अनिवासी नोंदवलाय का ते आजच बघा. नसेल तर आधार जोडलेला नाही म्हणून पॅन निष्क्रिय दाखवतो आणि पुढे सगळीकडे चढा टीडीएस लागतो.

मुखत्यारपत्र: बाबांना सर्वसाधारण देऊ नका, या एका फ्लॅटपुरतं विशेष द्या. त्यात मौजा, खसरा, फ्लॅट नंबर, चटई क्षेत्र लिहा. अधिकार स्पष्ट मोडून लिहा: करारनाम्यावर सही, दुय्यम निबंधकासमोर दस्त हजर करून कबुली देणं, टीडीएस भरणं, ताबा घेणं, महावितरणचं मीटर आणि मनपाच्या घरटॅक्सवर नाव चढवणं. कर्ज घेणार असाल तर बँकेचा मसुदा वेगळा असतो, आधी तो मागवा, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागतं. सही अमेरिकेत नोटरीसमोर, मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का). किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकन. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून मुद्रांकित करून घ्यायचा. गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. कागद येतो, कपाटात राहतो, रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी आठवण होते. कुरिअरचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते.

बायकोचं नाव चालेल. ओसीआय नसलेल्या परदेशी जोडीदाराला तुमच्यासोबत एक मालमत्ता संयुक्त नावाने घेता येते. लग्न नोंदवलेलं हवं आणि सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. लग्नाच्या दाखल्याची अपॉस्टिल केलेली प्रत सोबत ठेवा.

शेड्यूल_ई
बचत खात्यातून एक रुपयाही देऊ नका. नागरिकत्व बदलल्यावर, खरं तर परदेशात स्थायिक झाल्यावरच, ते खातं एनआरओ (अनिवासीचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यायला हवं होतं. आधी बँकेत पासपोर्ट आणि ओसीआय देऊन ते बदलून घ्या, सोबत एनआरई (परदेशातून आणलेल्या पैशांसाठीचं खातं) उघडा. पैसे अमेरिकेतल्या बँकेतून थेट एनआरईत, तिथून बिल्डरला. प्रत्येक रकमेचं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र बँकेकडून मागून ठेवा. पुढे विकून पैसे परत न्यायचे तर परकीय चलनात जेवढे भरले तेवढे, तेही दोन राहत्या घरांपुरते, सरळ नेता येतात. बाकी सगळं एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत, सीएच्या प्रमाणपत्रासह. पाठवताना कारण "कुटुंबाचा खर्च" असं टाकू नका. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर पैसे पाठवण्यावर आलेला १ टक्का कर रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक यांच्यावर आहे. बँक खात्यातून वायर केली तर लागत नाही.

आता अमेरिकेची बाजू. स्वतःच्या नावावरचं घर फॉर्म ८९३८ मध्येही (परदेशी आर्थिक मालमत्तेचा, कर विवरणासोबतचा फॉर्म) दाखवायचं नसतं आणि एफबारमध्येही (परदेशी बँक खात्यांचा वेगळा अहवाल) नसतं. दाखवायची ती खाती. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार लागतो, १५ एप्रिलपर्यंत, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ. घराचे पैसे एनआरईत आले की ही मर्यादा ओलांडलीच समजा. आईसोबतचं संयुक्त खातंही मोजा. फॉर्म ८९३८ ची मर्यादा अमेरिकेत राहणाऱ्या, एकत्र विवरण भरणाऱ्या जोडप्याला वर्षाखेरी १ लाख किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलर. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. त्या जुन्या बचत खात्याचं व्याज इतकी वर्षं दाखवलं नसेल तर नवीन एफबार भरण्याआधी सीपीएशी (अमेरिकेतल्या सीएशी) बोला, कारण मागचं सोडून फक्त यंदाचं भरलं की प्रश्न उभा राहतो.

कंपनी काढून तिच्या नावावर घेऊ नका. फॉर्म ५४७१ चा (परदेशी कंपनीच्या मालकीचा अहवाल) खर्च घरभाड्यापेक्षा जड होईल.

भाड्याने दिलं तर भाडं शेड्यूल ई वर (अमेरिकन विवरणातलं भाड्याच्या उत्पन्नाचं पान), घसारा परदेशी घराला ३० वर्षांचा. घसारा नाही घेतला तरी विकताना घेतलाच असं धरतात, म्हणून घ्याच. भारतात भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. २० हजार भाडं असेल तर ६,२४० रुपये, रक्कम कितीही लहान असो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं, करारातच लिहा. भारतातला कर अमेरिकेच्या करातून फॉर्म १११६ वर वजा होतो, पण कॅलिफोर्निया परदेशी कराची वजावट देत नाही, तिथे दुबार कर बसतो.

विक्रीच्या वेळचं गणित लोक चुकतात. भारत नफा रुपयांत मोजतो, अमेरिका डॉलरमध्ये. समजा ६८ लाख भरले तेव्हा दर ८५, म्हणजे ८०,००० डॉलर. पुढे ९० लाखांना विकलं आणि दर १०० झाला, म्हणजे ९०,००० डॉलर. भारतात नफा २२ लाख, त्यावर १२.५ टक्के आणि ४ टक्के उपकर मिळून २ लाख ८६ हजार. अमेरिकेत नफा फक्त १०,००० डॉलर, १५ टक्क्यांनी कर १,५००. भारतात भरलेले २,८६० डॉलर तो भागवून उरतात. मात्र निव्वळ गुंतवणूक उत्पन्नावरचा ३.८ टक्के कर लागू असेल तर तो परदेशी कराने कमी होत नाही. भाड्याने दिलं असेल तर घसाऱ्यामुळे अमेरिकेतला नफा वाढतो.

दस्त_मुद्रांक
आईच्या नावाबद्दल कोणी बोललंच नाही. भाऊ, भानगड तिथेच आहे. पैसे तुमचे, नाव एकट्या आईचं, वापर तुमचा, तर बेनामी कायद्यात बसू शकतं. पती-पत्नी आणि अपत्यांच्या नावाने घेण्याला सूट सरळ आहे; आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यासोबत दस्तावर तुमचंही नाव सहमालक म्हणून हवं. शिक्षा १ ते ७ वर्षं, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता जप्त.

शेड्यूल_ई
आईला खरोखरच द्यायचं असेल तर आधी पैसे बक्षीस द्या, साध्या बक्षीसपत्रासह, आणि घर तिने तिच्या निर्णयाने घ्यावं. भारतात मुलाकडून आलेल्या बक्षिसावर कर नाही. अमेरिकेत २०२६ ला माणशी १९,००० डॉलरच्या वर फॉर्म ७०९ (बक्षिसाचं विवरण) भरावा लागतो, कर बहुधा निघत नाही. पुढे ते घर तुम्हाला वारशाने आलं तर अमेरिकेच्या हिशेबात तुमची खरेदी किंमत आईच्या मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात. हा फायदा मोठा आहे. फक्त मूल्य १ लाख डॉलरच्या वर असेल तर फॉर्म ३५२० (परदेशातून आलेल्या बक्षीस-वारशाची माहिती), आणि तो चुकला तर दंड २५ टक्क्यांपर्यंत. मृत्युपत्र नागपुरातल्या घरापुरतं वेगळं करून ठेवायला सांगा.

संत्रानगरी_सॅनहोजे
खूप आभार. प्लॉट सोडला. त्रिमूर्तीनगरला एक तयार फ्लॅटही सांगितलाय, ७५ लाख, पण मालक २० लाख रोख मागतोय. त्याची मुलगी दुबईला असते, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे.

खसरा_नंबर
रोख नाही म्हणजे नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख कायद्यानेच बंद आहे, आणि तुम्ही डॉलर देऊन रोख आणणार कुठून? ते २० लाख दस्तात नाहीत, म्हणून विकताना तुमच्या खरेदी किमतीत नाहीत आणि परतही नेता येत नाहीत. मुलगी अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर १ टक्का टीडीएस चालत नाही. अनिवासी विक्रेत्याचे नियम लागतात, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र तिने आणलं नाही तर कपात तिच्या पूर्ण हिश्श्यावर करावी लागते. प्रमाणपत्राचा अर्ज तिने करायचा असतो, त्याला आठवडे लागतात. बयाणाचिठ्ठीत लिहून घ्या: संपूर्ण रक्कम बँकेतून, आणि प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय रजिस्ट्रीची तारीख नाही. मालक तयार नसेल तर मनीषनगरच बरं.