होस्टेलचं नेट रात्री ११ ला बंद: नियम घड्याळाचा असावा की वाट्याचा?

तिसरी_पायरी

खारघरला मुलींच्या होस्टेलमध्ये राहते. तिसरं वर्ष, कॉम्प्युटर. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्याकडे रात्री बरोबर ११ ला वॉचमन काका जिन्यातल्या लोखंडी पेटीचं कुलूप काढतात, आतलं बटण पाडतात आणि तिन्ही मजल्यांचे राऊटर एकदम विझतात. सकाळी ६ ला पुन्हा सुरू. गेल्या महिन्यात एका असाइनमेंटची मुदत रात्री ११.५९ ची होती. माझ्या रूममेटची फाईल अर्ध्याच्या वर चढली होती, तेवढ्यात बटण पडलं. तिच्या मोबाईलचा दिवसाचा दीड जीबी दुपारच्या लेक्चरमध्येच संपलेला. इमारतीत रेंज धड मिळते ती एकाच जागी, दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या खिडकीशी, तिसऱ्या पायरीवर. मी हॉटस्पॉट दिला, तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. खिडकीच्या गजांतून पावसाची झड आत येत होती, म्हणून मी टॉवेल पसरून धरला. ११.५६ ला फाईल गेली. तोवर दोघींच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

समोरच मुलांची इमारत आहे. तिथे नेट रात्री १ पर्यंत चालतं. फीच्या पावतीवर इंटरनेटचे ३,००० रुपये दोघांच्याही नावावर सारखेच. विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलींच्या पालकांचीच मागणी आहे." यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत स्पष्ट म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. मग ही दोन तासांची तफावत कशाच्या आधारावर?

नियमच नकोत असं मी म्हणत नाही. आमची लाईन १०० एमबीपीएसची, मुली ९०. एकीने १०० जीबीचा गेम उतरवायला घेतला आणि पूर्ण वेग तिलाच मिळाला, तर सव्वादोन तास बाकीच्यांनी नुसतं फिरतं चक्र बघायचं. म्हणून प्रत्येकीचा वाटा ठरवा. कुणी अर्ध्याहून जास्त ओढत असेल तर तिला आवरा. पण सगळ्यांचं बटण पाडू नका. तुमचं काय मत?

मी_रेक्टर

पोरी, तुझी तळमळ पोचली. मी नेरूळमध्ये बरीच वर्षं रेक्टर आहे. तुझ्या होस्टेलची नाही, पण आमच्याकडेही ११.३० ला नेट बंद होतं आणि तो नियम मीच लावलाय.

पहिल्या वर्षाच्या मुली घरून येतात तेव्हा कधी दहाच्या पुढे जागलेल्या नसतात. दोन महिन्यांत बघावं तर पहाटे ४ पर्यंत सीरियल चालू. गेल्या वर्षी एक मुलगी सकाळी नाश्त्याच्या रांगेत चक्कर येऊन पडली. हनुवटीला टाके पडले. सलग तीन रात्री झोपली नव्हती. तिच्या आईला फोन मी केला, वायफायवाल्याने नाही. "तुम्ही काय करत होतात, मॅडम?" हा प्रश्न मलाच ऐकावा लागला.

आयआयटी मुंबईनेही २००७ मध्ये होस्टेलचं नेट रात्री बंद करायचा नियम केला होता. मुलं लेक्चरला झोपतात, खोलीबाहेर पडत नाहीत, हीच काळजी तिथेही होती. एवढ्या हुशार मुलांच्या बाबतीत ती खोटी नसेल, तर आमच्याच बाबतीत ती जाच कशी ठरते?

माजी_होस्टेलकर

मॅडम, २००७ मध्ये आपल्याकडे थ्रीजीसुद्धा नव्हतं. होस्टेलची वायर काढली की नेट खरंच बंद व्हायचं. आता वायफाय बंद केलं की मुलगी फोनचा डेटा लावते आणि तीच सीरियल बघते. बंद होतं ते फक्त जिच्याकडे मोठा रिचार्ज नाही तिचं. मी वाशीला चार वर्षं होते. आमच्या खोलीत तिघींकडे महागडे प्लॅन, चौथीचे वडील रिक्षा चालवायचे. ११ नंतर अभ्यास कुणाचा थांबायचा, ते मी बघितलंय.

बाबा_जुन्नर

मी पालक आहे. माझी मुलगी ऐरोलीत शिकते. आम्ही दोन एकर विकून पाठवलंय तिला. रात्री १ वाजता ती काय बघते, कुणाशी बोलते, हे मला कळायला नको का? माझं तर म्हणणं, होस्टेलने दर महिन्याला पालकांना यादी पाठवावी, कोणत्या साईट उघडल्या त्याची. ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली?

वायरमन_घणसोली

काका, मी होस्टेल, पीजी, सोसायट्यांचं नेटवर्क बसवतो, म्हणून सांगतो. तुम्हाला वाटते तशी यादी निघतच नाही. हल्ली जवळपास सगळ्या साईट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून, चालतात. राऊटरला फार तर साईटचं नाव दिसतं, पान दिसत नाही. व्हिडिओच्या साईटचं नाव आलं म्हणजे पोरगी गणिताचं लेक्चर बघत होती की सिनेमा, कसं सांगणार? उगाच घरात भांडण लागेल.

आता धाग्याबद्दल. रात्रीचं बटण हा आळशी नियम आहे. असल्या होस्टेलमध्ये मी जातो तेव्हा नोटीस बोर्डावर एकच पासवर्ड लिहिलेला असतो, ९० मुलींना एकच. खरा धोका तो. उद्या त्या लाईनवरून कुणी धमकीचा मेल पाठवला तर पोलीस दारात येणार, आणि होस्टेलकडे उत्तर नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग, म्हणजे नेटवापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायला सांगितलंय, पण सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल तर त्या लॉगमधून माणूस कसा सापडणार? प्रत्येकीला वेगळं लॉगिन द्या. तसं केलं की वेगही माणशी बांधता येतो. १०० एमबीपीएस, एका वेळी ५० जणी, म्हणजे दोन-दोन एमबीपीएस. साध्या क्वालिटीचं लेक्चर तेवढ्यात व्यवस्थित चालतं.

पण मुलींनाही एक नियम पाळावाच लागेल. स्वतःचा राऊटर आणून भिंतीतल्या पॉईंटला जोडायचा नाही. कोपरखैरण्याला एका होस्टेलचा अख्खा मजला दोन दिवस बंद होता. शोधून शोधून दमलो. शेवटी असाच एक राऊटर पलंगाखाली चपलांच्या खोक्यात सापडला, वर ओढणी टाकलेली. वायर बाहेरचं नेट घ्यायच्या भोकाऐवजी लॅनच्या, म्हणजे आतली यंत्रं जोडायच्या भोकात, त्यामुळे तो पठ्ठ्या मजल्यावरच्या सगळ्या लॅपटॉप-मोबाईलना आपलेच चुकीचे नेटवर्क पत्ते वाटत बसलेला. ज्या मुलीचा होता ती रडायला लागली. तिला खरंच कळलं नव्हतं की आपल्यामुळे ४० जणींचं नेट गेलंय. राऊटर कोपऱ्या-कोपऱ्यांत वाढले की वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. मग सगळ्यांचाच गोंधळ.

तिसरी_पायरी

दादा, आभार. चपलांच्या खोक्याचा नियम मला पूर्ण मान्य.

काका, तुम्ही माझ्या बाबांच्या जागी, म्हणून मनापासून सांगते. माझे बाबाही शेतकरी आहेत. ते रोज रात्री ९ ला फोन करतात आणि मी दिवसभराचं सगळं सांगते. सांगते, कारण ते विचारतात. होस्टेलच्या ऑफिसातून त्यांच्याकडे माझी यादी जायला लागली, तर दुसऱ्या दिवसापासून मी कमी सांगेन. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे. आणि लपवण्यासारखं काही नसलं तरी पोटात दुखतंय म्हणून, पाळी चुकली म्हणून, मन थाऱ्यावर नाही म्हणून मुली रात्री काहीतरी शोधतात. ते यादीत कशाला?

केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये हेच सांगितलं. कोझिकोड जिल्ह्यातल्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते १० मोबाईल जमा करायचा नियम होता. एका मुलीने तो मानला नाही म्हणून तिला काढलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि नेट वापरणं हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग धरला.

मी_रेक्टर

तो निकाल मी वाचलाय. तो मुलीच्या स्वतःच्या मोबाईलबद्दल होता, होस्टेलने रात्रभर वायफाय पुरवलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. शिवाय केरळचा निकाल आपल्याकडे दाखला म्हणून देता येतो, बंधनकारक होत नाही. कायदा सांगायचा तर पुरता सांगावा.

वेगळं लॉगिन आणि माणशी वेग, हे पटलं. मुलांच्या आणि मुलींच्या इमारतीला वेगळी वेळ, हे मात्र माझ्याने समर्थन होणार नाही. आमच्या संस्थेत मुलांची इमारत नाही, म्हणून तो प्रश्न माझ्यासमोर कधी आला नव्हता. तुझ्या जागी मी असते तर सर्वांत आधी तोच लेखी मांडला असता.

पण पहिल्या वर्षाला रात्री मर्यादा हवीच, यावर मी ठाम आहे. बटण पाडायचं नसेल तर १२ नंतर त्यांचा वेग इतका कमी करा की व्हिडिओ चालणार नाही, पण फाईल जाईल.

माजी_होस्टेलकर

व्हिडिओ बंद म्हणजे रेकॉर्डेड लेक्चरही बंद. दिवसा प्रॅक्टिकल असतात, ५ ला सुटतात, ८ ला मेस. मुलींनी लेक्चर बघायचं कधी? याला असहमत.

बाबा_जुन्नर

यादीचं सोडतो. पोरगी सांगायची बंद होईल हे मनात आलं नव्हतं. पण रात्री १ पर्यंत नेट मला मान्य नाही. १२ पुरे.

तिसरी_पायरी

मॅडम, निकालाबाबत तुमचं बरोबर आहे. मी अर्धंच सांगितलं. पण आम्ही वायफाय फुकट मागत नाही, ३,००० भरतो, पावती आहे.

काल पत्र लिहिलं, ९० पैकी ६८ सह्या झाल्या. पहिली मागणी दोन्ही इमारतींना एकच वेळ, दुसरी वेगळं लॉगिन, तिसरी परीक्षा आणि सबमिशनच्या आठवड्यात बटण पाडायचं नाही. पहिल्या वर्षाच्या वेगाबद्दल आमच्यातच एकमत नाही, म्हणून ते लिहिलं नाही. सोमवारी ऑफिसात देऊन पोच घेणार.

वायरमन_घणसोली

ताई, पत्र द्यायच्या आधी एक कर. काका पेटी उघडतील तेव्हा आतल्या मोठ्या डब्याचा मॉडेल नंबर बघून इथे टाक. माणशी वेग बांधायची सोय त्यात आधीपासूनच असू शकते. असली तर "खर्च परवडत नाही" हे उत्तर तुला मिळायला नको.

तिसरी_पायरी

आज रात्री ११ ला जिन्यात थांबते.