शहरातल्या हौशी छायाचित्रण मंडळाचे सभासद व्हावे का?

गोदाकाठ:

नमस्कार. मी नाशिकला राहते, एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. त्याला 18-55 मिलिमीटरची एकच लेन्स आहे. तेव्हापासून शाळेपूर्वीचा तास-दीड तास मी गोदाघाटावर फोटो काढण्यात घालवते. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढले हे पाहायला सारे शहर लोटते. मी मात्र पूर ओसरल्यावर मूर्तीवर मागे राहिलेली गाळाची रेघ टिपायला जाते. असे साडेतीन हजारांवर फोटो संगणकात साठले आहेत. घरचे सगळ्यांनाच ‘छान’ म्हणतात, पण एखादा फोटो का जमला आणि दुसरा का फसला हे सांगणारे मला कोणी भेटलेले नाही.

आमच्या शहरातल्या एका हौशी छायाचित्रण मंडळाचा अर्ज मी आणला आहे. प्रवेश शुल्क 500 रुपये, वार्षिक वर्गणी 1500 रुपये, आणि अर्जासोबत स्वतः काढलेले 10 फोटो द्यायचे आहेत. पैशांपेक्षा या 10 फोटोंचेच मला दडपण आले आहे. मंडळात वर्षभर नेमके काय चालते, पक्ष्यांसाठी लागणाऱ्या मोठ्या लेन्स नसलेल्या माणसाला तिथे काही करता येते का, पहाटेच्या सहलींना एकट्या स्त्रीने जाणे कितपत सोयीचे असते, आणि ‘हौशी’ म्हणजे कच्च्या लोकांचा मेळावा तर नव्हे ना, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

पर्वतीपायथा:

ताई, मी पुण्यातल्या अशाच एका मंडळाचा 18 वर्षे सभासद आहे. अवश्य सभासद व्हा, असेच मी सांगेन. मात्र अर्ज भरण्यापूर्वी त्यांच्या मासिक परीक्षणाच्या संध्याकाळी पाहुण्या म्हणून जाऊन बसा आणि तिथे फसलेल्या फोटोबद्दल लोक कसे बोलतात ते ऐका. चांगल्या फोटोचे कौतुक कुठेही होते, त्यावरून मंडळाची पारख होत नाही.

माझी पहिली संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. तालमीत काढलेल्या फोटोची 12 बाय 18 इंचांची प्रिंट मी मोठ्या अभिमानाने नेली होती. झरोक्यातून आलेले ऊन, त्यात उडालेली लाल माती आणि एकमेकांना भिडलेले दोन मल्ल असा तो फोटो होता. सत्तरीच्या परीक्षकांनी काही न बोलता पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले आणि प्रिंटवर ठेवून ते हळूहळू आत सरकवत नेले. कोपऱ्यातला पांढरा टॉवेल बाहेर गेला, वरची ट्यूबलाइट गेली, मागे उभा असलेला बघ्यांचा घोळका गेला, आणि शेवटी चौकटीत उरला तो मातीने माखलेला एक खांदा आणि त्यात रुतलेली प्रतिस्पर्ध्याची बोटे. “तुम्ही हे पाहून बटण दाबलंत ना?” एवढेच त्यांनी विचारले. मी खरोखर तेच पाहिले होते, पण चार पावले पुढे जायचे धाडस माझ्याकडून झाले नव्हते. त्या दोन मिनिटांत मला जे कळले, ते आधीच्या पाच वर्षांत घरबसल्या कळले नव्हते.

लेन्सची काळजी नको. आमच्याकडे दर महिन्याला एक विषय दिला जातो. ‘उंबरठा’, ‘हात’, ‘पावसानंतर’ असे विषय असतात आणि त्यातल्या बहुतेकांना तुमची 18-55 पुरून उरेल.

‘हौशी’ या शब्दानेही अडखळू नका. फोटोग्राफीचे तंत्र पॅरिसमध्ये 19 ऑगस्ट 1839 रोजी जगाला खुले झाले आणि पुढच्या 15 वर्षांतच, 1854 मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही पेशाने डॉक्टर. कॅमेऱ्यावर त्यांचे पोट अवलंबून नव्हते, आणि हौशी या शब्दाचा अर्थ मी तेवढाच घेतो.

माजी चिटणीस:

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका छोट्या मंडळाचा सहा वर्षे चिटणीस होतो, त्यामुळे वर्गणीचे काय होते ते सांगू शकतो. सभागृहाचे भाडे, बाहेरगावच्या परीक्षकांचा प्रवासखर्च आणि वर्षाअखेरीचे प्रदर्शन यांतच ती संपते. त्यातही प्रदर्शन सर्वांत खर्चिक असते, कारण कलादालनाचे भाडे, प्रिंट आणि माउंट यांना पर्याय नसतो. सहलींचा खर्च बहुधा प्रत्येकाने वेगळा द्यायचा असतो, हे आधी विचारून घ्या.

संस्था नोंदणीकृत आहे का, दरवर्षी लेखापरीक्षण होते का आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब वाचून दाखवला जातो का, हे विचारण्यात संकोच मानू नये. मी पदावर येण्यापूर्वी आमच्या मंडळात एका सहलीसाठी गोळा केलेली रक्कम, सहल रद्द झाल्यावर दोन वर्षे कोणाला परत मिळाली नव्हती. कोणाचा हेतू वाईट नव्हता, फक्त पावत्या कुणी ठेवल्या नव्हत्या. त्या एका गोष्टीपायी नऊ चांगले सभासद आम्ही गमावले आणि त्यांपैकी दोघेच पुढे परत आले.

प्रिंटचाही एक अनुभव सांगतो. आमच्या पहिल्या प्रदर्शनाच्या 40 प्रिंट छापून आल्या तेव्हा बहुतेक सगळ्या काळपट निघाल्या. घरी प्रत्येकाने संगणकाच्या पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून फोटोंवर काम केले होते. पडद्यावर उजळ दिसणारी सावली कागदावर काळी डबकी होऊन उतरली. त्यांतल्या 11 प्रिंट उद्घाटनाच्या आदल्या रात्री पुन्हा छापून घ्याव्या लागल्या. तेव्हापासून नव्या सभासदाला आम्ही पहिल्याच महिन्यात एक प्रिंट करून आणायला सांगतो.

आणि समजा हे मंडळ पसंत पडले नाही, तरी वाट बंद होत नाही. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापन करायला सात माणसे पुरतात. आमची सुरुवात एका सायकल दुकानदाराच्या माळ्यावर आठ जणांनी झाली होती.

थापट्या:

नाशिकच्या मंडळात पक्ष्यांचे फोटो काढणारे पुष्कळ असणार, कारण नांदूरमध्यमेश्वर तुमच्या दाराशी आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे अभयारण्य 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदके तिथे मोठ्या संख्येने उतरतात. तुमच्या लेन्सने एकटा पक्षी मोठा दिसणार नाही हे खरे, पण धुके, पाणपसारा, मच्छीमाराची होडी आणि उडणारा थवा हे सारे एका चौकटीत घ्यायला हीच लेन्स हवी. माझ्याकडे मोठी लेन्स आल्यापासून असे फोटो काढणेच सुटले, याची मला आता हळहळ वाटते.

पहिल्याच सहलीत उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. काळसर पाण्यात पांढरा बगळा उभा असला की कॅमेरा त्या अंधाऱ्या पाण्यावरून उजेडाचा अंदाज बांधतो आणि बगळ्याची पिसे पांढरीफटक होऊन जातात. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा करा, की पिसे वेगवेगळी दिसतील. घरट्यांचे फोटो मात्र काढू नका आणि काढणाऱ्यांसोबत उभ्याही राहू नका. आपण जवळ गेल्याने जोडी घरटे सोडून जाऊ शकते आणि पिल्ले उन्हात किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतात.

बरीच मंडळे सभासदांना सॅलॉनकडे, म्हणजे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे वळवतात. 1953 मध्ये स्थापन झालेले ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ आणि 1950 पासूनचे आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाप’ अशा स्पर्धांना मान्यता देतात. ठरावीक संख्येने फोटो स्वीकारले गेले की नावापुढे फियापची ‘एएफआयएपी’सारखी उपाधी लावता येते. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. निसर्ग विभागाच्या कडक नियमांमुळे, म्हणजे फोटोत काही नव्याने घालायचे नाही आणि असलेले पुसायचे नाही या शिस्तीमुळे, माझी जागेवरची नजर सुधारली. पण पुढे मी परीक्षकांना काय आवडेल तेच शोधू लागलो. तीन वर्षे फक्त चोचीत मासा धरलेले खंड्या काढले. पहिली दोन वर्षे स्पर्धांचे शुल्क भरू नका, ते पैसे प्रिंटवर खर्च करा, असे मी कळकळीने सांगतो.

मीनाक्षी_ठाणे:

ताई, एकटीने जाण्याबद्दल सांगते, कारण त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मी सात वर्षे मंडळाच्या सहलींना जाते आहे. निघण्याची जागा, वाहन, परतण्याची वेळ आणि सोबत येणाऱ्या सर्वांची यादी आदल्या दिवशी गटावर येते की नाही, एवढे पाहा. कार्यकारिणीत किमान दोन स्त्रिया असतील तर स्वच्छतागृहाच्या थांब्यापासून सगळ्या गोष्टी न मागता ठरतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय आठ-दहा जणींसोबत बाजारात किंवा पालखी सोहळ्यात उभे राहिले की आपल्याकडे रोखलेल्या नजरांचे ओझे वाटेनासे होते आणि लक्ष फोटोत राहते.

तुम्ही घाटावर फोटो काढता म्हणून आणखी एक मुद्दा मांडते. काही वर्षांपूर्वी आमचे मंडळ रामकुंडावर आले होते. तिथे एक मुलगा वडिलांच्या अस्थी पाण्यात सोडत होता आणि आमच्यातले चार जण त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून शटर मारत होते. त्याने मान वर करून पाहिले. काही बोलला नाही, फक्त पंचाचे टोक ओढून चेहरा झाकून घेतला. परतीच्या प्रवासात त्यावर खूप वाद झाला. ती उघडी, सार्वजनिक जागा आहे, असे काहींचे म्हणणे होते. अखेर मंडळाने ठराव केला की अंत्यविधी, दशक्रिया आणि अस्थिविसर्जन यांचे फोटो आमच्या कोणत्याही स्पर्धेत वा प्रदर्शनात घेतले जाणार नाहीत. तुमच्या मंडळाची याबाबत काय भूमिका आहे, हे मी वर्गणीच्या रकमेआधी विचारले असते.

गोदाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मीनाक्षीताई, घाटावर मीसुद्धा विधी चालू असला की कॅमेरा खाली ठेवते, पण तो नियम म्हणून कुठे मांडला गेला आहे हे वाचून बरे वाटले. मंडळाच्या चिटणीसांना आज दूरध्वनी केला. येत्या शनिवारी सायंकाळी परीक्षण आहे, पाहुणे येऊ शकतात आणि पाहुण्यांनी एक प्रिंट आणली तरी चालते, असे त्यांनी सांगितले. मी गाळाच्या रेघेचा फोटो निवडला आहे. त्यात रेघेच्या वर दगड कोरडा आणि शेंदरी आहे, खाली ओला आणि राखाडी, आणि मूर्तीच्या पायाशी प्लास्टिकची एक निळी पिशवी अडकलेली आहे. ती पिशवी कापून टाकावी की ठेवावी, यावर दोन दिवस विचार करते आहे. कागद चकचकीत घ्यावा की मॅट?

पर्वतीपायथा:

मॅट घ्या. सभागृहातल्या ट्यूबलाइट चकचकीत कागदावर चमकतात आणि मागच्या रांगेतल्यांना काहीच दिसत नाही. पिशवी कापू नका, तशीच राहू द्या आणि शनिवारी तिच्याबद्दल त्यांनाच विचारा.