'करी खायला जाणे' हे मराठीत कसं म्हणावं?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. बर्मिंगहॅममधल्या ऑफिसातले सात-आठ जण शुक्रवारी काम सुटल्यावर 'गो फॉर अ करी' म्हणत बाहेर पडतात. 'करी खायला गेले' असं लिहिलं की डोळ्यांपुढे नुसती एक वाटी येते. कथेत अख्खी संध्याकाळ आहे: लांबलचक टेबल, बिअर, पापड, दंगा. 'रस्सा' आणि 'कालवण' दोन्ही लिहून पाहिलं, पण पटत नाही. शिवाय पुढच्याच पानावर कोरमा, मद्रास, विंदालू, बाल्टी, धनसाक अशी रांग लागते. ही नावं तशीच ठेवावीत का? जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद:
कालवण नकोच. कालवण म्हणजे भातात किंवा भाकरीशी कालवून खायचं ते. 'कोरड्यास'ही त्याच वळणाचा, कोरड्या भाकरीला लावून घ्यायला काहीतरी. या शब्दांत मुख्य जेवण भात-भाकरी हेच धरलेलं आहे. तिकडच्या मेन्यूत सगळं उलटं. करी हा मुख्य पदार्थ आणि भात 'साइड'ला, त्याचे पैसेही वेगळे. म्हणजे तोंडीलावणं कोण आणि जेवण कोण, याचीच अदलाबदल झाली आहे. आपला कुठलाही घरगुती शब्द तिथे घातलात तर ही अदलाबदल वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद:
करी म्हणजे हत्ती. जुन्या काव्यात तरी. सात-आठ जणांना पुरेल.

प्रतिसाद:
हत्ती बाजूला ठेवू. बरेच जण करी म्हणजे आपली कढीच समजतात, तेवढं आधी निस्तरतो. कढी आली 'कढणे'वरून, त्यामागे संस्कृत 'क्वथित'. करीचा माग तमिळ 'कऱि'पर्यंत जातो. इंग्रजीत ती फार लवकर रुळली. हॅना ग्लास या बाईंच्या 1747 च्या पाकपुस्तकात करीची कृती आहे. लंडनमध्ये पाटण्याच्या शेख दीन महोमेद यांनी हिंदुस्तानी खाणावळ काढली ती 1810 साली, म्हणजे शब्द पोहोचल्यावर साठेक वर्षांनी. कढीपत्त्याचं नावही असंच दोन वाटांनी गेलं आहे. इंग्रजी 'करी लीफ'च्या मागे तमिळ 'करिवेप्पिलै' आहे, आपण मात्र कढीत पडतो म्हणून कढीपत्ता म्हणतो.

अनुवादाबद्दल: आपण 'आज चायनीज खायला जाऊ' म्हणतो तेव्हा एका पदार्थाचं नाव घेत नाही, सगळा बेत सांगतो. तिथले लोकही 'गो फॉर अॅन इंडियन' म्हणतात. तेव्हा संवादात बिनधास्त 'चला, इंडियन खायला जाऊ' लिहा. (त्या 'इंडियन' हॉटेलांपैकी बहुसंख्य बांगलादेशी मंडळींनी, त्यातही सिल्हेटकडच्यांनी उभी केली, हा विनोद मूळ भाषेतलाच आहे, तुमच्यावर त्याचं पाप नाही.)

मूळ प्रश्नकर्ती:
'इंडियन खायला' आवडलं, घेते. आणि पदार्थांची नावं?

प्रतिसाद:
नावं तशीच ठेवा, भाषांतर तर मुळीच करू नका. त्या हॉटेलांत ही नावं पदार्थांपेक्षा तिखटाच्या पायऱ्या सांगतात. कोरमा सर्वांत खालची पायरी, साय-नारळ घालून मऊ केलेली. मूळ तुर्की शब्दात भाजणं-परतणं आहे, तिखट-सौम्याचा काही संबंध नाही. मद्रास म्हणजे बऱ्यापैकी तिखट. चेन्नईत जाऊन कुणी 'एक मद्रास' मागून दाखवावं. त्याच्या वर विंदालू, आणि विंदालूच्याही वर फाल, जी ब्रिटनमध्येच जन्मली. तुमच्या कथेत एखादा गडी बढाई मारत विंदालू मागवत असेल तर वाचकाला ही शिडी माहीत हवी. 'मला विंदालू!' म्हटल्यावर टेबलावरच्या इतरांनी भुवया उंचावल्या, एवढं वाक्य पुरेल. तळटीप नको.

प्रतिसाद:
विंदालूत आलू नाही, हे गोव्याचा म्हणून सांगणं भाग आहे! पोर्तुगीजांचं वाइन-लसणीत मुरवलेलं मांस, त्यातल्या 'आल्यु' म्हणजे लसूण. गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं. पुढे 'आलू' ऐकून कितीतरी आचाऱ्यांनी खरोखरच बटाटे टाकले. आणि बटाटा हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेला.

प्रतिसाद:
मग बाल्टीही त्याच बोटीतून उतरली. पोर्तुगीज 'बाल्द', आपली बालदी-बादली. बर्मिंगहॅमची बाल्टी मात्र दिसते छोट्या कढईसारखी. जिच्यात शिजवतात तिच्यातच वाढतात. 1970 च्या दशकात तिथेच ती प्रसिद्धीला आली. तेव्हा 'बादलीभर करी' असं काही लिहू नका, हसं होईल.

धनसाकाबद्दल एक सावधगिरी. कथेत वाढदिवस वगैरे आहे का? मुंबईतले पारशी रविवारी धनसाक हाणतात, पण शुभकार्याला करत नाहीत. घरात मयत झाल्यावर चौथ्या दिवशी तो शिजतो. इंग्रज पात्राला याचा पत्ता नसणार. मुंबईचा वाचक मात्र थबकेल.

मूळ प्रश्नकर्ती:
वाढदिवसच आहे! लेखकाने मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, पण मी धनसाक तसाच ठेवणार. शेवटचं एक. बिल आल्यावर ते म्हणतात 'लेट्स स्प्लिट इट'. टीटीएमएम लिहिलं तर चालेल?

प्रतिसाद:
नाही चालणार. 'तुझं तू माझं मी' म्हणजे ज्याने जे खाल्लं त्याचे त्याने द्यावे. इथे बहुधा एकूण बिलाला माणसांनी भागायचं आहे. त्यात एकटा भात-डाळ खाणारा कुढतो आणि विंदालूवर चार बिअर रिचवणारा खुशीत असतो. पुढच्या ओळीत कुणी कुरकुरत असेल तर 'सगळे सारखे काढूया' लिहा. कुणीच कुरकुरत नसेल तरी तेच लिहा.