जिन्यातील सूचनेची भाषा

सचिव: बैठकीत ठरल्याप्रमाणे जिन्यात लावायच्या सूचनेचा मसुदा देत आहे. ‘वारंवार सांगूनही बरेच सभासद जिन्यात चपलांची कपाटे ठेवतात. ही बेशिस्त यापुढे खपवून घेतली जाणार नाही.’ हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावी.

बी-३०४: सचिवसाहेब, हेतूबद्दल दुमत नाही, पण ‘बरेच सभासद’ हे शब्द काढावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथले दगड झालेले प्राचीन लाकूड पर्यटक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवून निरनिराळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी आलेल्या अनेकांनी लाकूड नेले’ अशा अर्थाची पाटी होती तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले. लाकूड नेऊ नका, एवढीच विनंती होती तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. तक्रार करता करता आपणच ‘सगळे असेच करतात’ अशी ग्वाही देऊन बसतो.

ए-१०२: पण मग कडक बोलायचेच नाही का? गोड बोलून काय झाले, ते आपण पाहतोच आहोत.

बी-३०४: काकू, कडक जरूर बोलावे, पण कारण सांगून बोलावे. ‘खपवून घेतली जाणार नाही’ या वाक्यात कोण खपवून घेणार नाही तेच दिसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला समिती एकीकडे आणि आपण दुसरीकडे असे वाटते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ही सोय हाताशी असताना ती वाया का घालवावी? ‘ठेवू नये’ हा नियम झाला, ‘ठेवू नका’ ही आज्ञा झाली, ‘मोकळा करूया’ म्हटले की त्यात लिहिणाराही कामाला लागतो.

सी-५०१: थोडा विनोद चालेल का? मागे लिफ्टवर चिठ्ठी होती, ‘दार उघडे राहिले की लिफ्ट वर येत नाही, मग वरचे लोक खाली येतात, पण हसत येत नाहीत.’ ती वाचून माझा मुलगा आजही दार ओढून पाहतो.

बी-३०४: ती चिठ्ठी लागू पडली, कारण हसू प्रसंगाचे होते, माणसाचे नव्हते. याउलट, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदा ‘काहींना गरज पडली की नाती आठवतात’ असा संदेश आला आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्याच रात्री माझा एक मावसभाऊ ग्रुपमधून निघून गेला. नाव घेतले नव्हते, हे खरे. पण टोमण्यातले ‘काही’ म्हणजे कोण, हे सर्वांना ठाऊक असते आणि ज्याला लागते त्याला उत्तर देण्याचीही सोय उरत नाही. मला त्याचे आजही वाईट वाटते, कारण हसणाऱ्यांत मीही होतो.

सचिव: ठीक आहे, आता असे लावतो. ‘जिना ही आपल्या सर्वांची सुटकेची वाट आहे. आग लागून दिवे गेले तर अंधारात हाताला कठडा लागावा, कपाट लागू नये. शनिवारपर्यंत आपण तो मोकळा करूया.’ ‘शनिवारपर्यंत’ हा शब्द ठळक अक्षरांत राहील, त्यात बदल होणार नाही.