‘डीटीपी’ला मराठीत काय म्हणायचं? अक्षरजुळणी की पानमांडणी?

अर्धविराम:
तांत्रिक मॅन्युअल्स बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या दिवसांवर मराठीत एक लेख लिहितेय, साधारण 1970 ते 1990, म्हणजे ट्रॉफ, टेक, इंटरलीफ, व्हेंचुरा, फ्रेममेकर ही मंडळी. पहिल्याच वाक्यात गाडी अडलीये. सगळ्यांना मिळून ‘डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग) सॉफ्टवेअर’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटणार टायपिंग करून देणं, मराठीत डीटीपीचा अर्थ तेवढाच उरलाय. ‘अक्षरजुळणी’ चालेल का? की ‘पानमांडणी’?

पानफुटी:
अक्षरजुळणी ट्रॉफ आणि टेकला चालेल, बाकीच्यांना ओढूनताणून होईल. आणि डीटीपी तर सगळ्यांना नकोच. डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्द आल्डस कंपनीच्या पॉल ब्रेनर्डने रूढ केला, त्यांचं पेजमेकर आलं 1985 ला, त्याच वर्षी अॅपलचा लेझररायटर हा प्रिंटर आला ज्याच्या पोटात अडोबीची पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा) होती, आणि मग हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पण तांत्रिक कागदपत्रांचा संसार त्याच्या कितीतरी आधी थाटलेला होता. 1964 च्या सुमारास एमआयटीत जेरोम सॉल्ट्झरने रनऑफ हा मजकूर मांडून छापणारा प्रोग्रॅम लिहिला, रन ऑफ म्हणजे प्रत काढणं, त्याचंच पुढे रॉफ झालं. बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेत युनिक्स (कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम) करणाऱ्यांनी नवं मशीन मागितलं तेच मुळी मजकूर छापायची सिस्टिम करतो असं सांगून, आणि गिऱ्हाईक मिळालं ते कंपनीचंच पेटंट खातं, कारण त्यांच्या अर्जात ओळींना नंबर लागायचे आणि ते हाताने घालणं म्हणजे डोक्याला ताप. नंतर जो ओसॅनाने फोटोटाइपसेटरसाठी (फोटोच्या कागदावर अक्षरं उमटवणाऱ्या मशीनसाठी) ट्रॉफ केला, त्यातला ‘टी’ टाइपसेटरचा. आता ह्यात डेस्कटॉप कुठे आला सांगा.

टिंबटिंब:
+1. शिवाय ट्रॉफमध्ये तुम्ही पान बघतच नव्हता हो. साध्या मजकुरात ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि पुढे दोन अक्षरं, एसपी म्हणजे मोकळी जागा सोड, बीपी म्हणजे नवं पान घे, अशी सगळी फाइल लिहायची आणि मग ती मशीनला द्यायची, काय झालं ते कागद बाहेर आल्यावर कळणार. (माझं हँडल तिथूनच आलंय, कुणी विचारलं नाही तरी सांगतो.)
पण मला सगळ्यात भारी वाटतं ते ईक्यूएन. ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी ह्यांनी 1970 च्या दशकातच केलेलं, फक्त गणितासाठी. समीकरण आपण तोंडाने जसं वाचतो तसं टाइप करायचं, एक्स ओव्हर वाय लिहिलं की अपूर्णांक, एक्स सब आय लिहिलं की खाली बारका आय. ज्याला गणिताचा गंध नाही असा टायपिस्टसुद्धा ते करू शकावा हा हेतू होता. तक्त्यांसाठी माइक लेस्कचं टीबीएल वेगळं. म्हणजे मजकूर आधी ह्या छोट्या प्रोग्रॅम्समधून गाळून मग ट्रॉफला द्यायचा. ह्याला पानमांडणी म्हणवत नाही, ही जुळणीच.

शुद्धिपत्र:
मग मार्कअपचं काय करणार? मूळ अर्थ हस्तलिखितावर संपादकाने जुळाऱ्यासाठी केलेल्या खुणा, हे ठळक घे, ते आत सरकव. ट्रॉफच्या टिंबाच्या आज्ञा त्याच जातीच्या. पण आयबीएमच्या गोल्डफार्ब, मोशर, लॉरी ह्यांनी 1969 ला जीएमएल काढलं (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं, तसं जुळावं म्हणूनच नाव तसं ठेवलं!) तिथे खुणेचा अर्थच फिरला. ‘ठळक’ सांगायचं नाही, ‘हे शीर्षक आहे’ एवढंच सांगायचं, दिसायचं कसं ते नंतर ठरेल. ब्रायन रीडचं स्क्राइब, लॅम्पोर्टचं लाटेक, आणि 1986 ला आयएसओ स्टँडर्ड झालेलं एसजीएमएल, सगळी ह्याच वाटेवरची. मी पहिल्याला ‘खुणा’ आणि दुसऱ्याला ‘नामखुणा’ म्हणेन. पटत नसेल तर सोडून द्या.

अर्धविराम:
नामखुणा आवडला, ढापतेय. पण इंटरलीफ, फ्रेममेकरमध्ये तर पान स्क्रीनवर दिसायचं, मग त्यांना पानमांडणी म्हणायला हरकत काय?

पानफुटी:
हरकत आहे, आणि माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा इथेच आहे. ‘दिसतं तसं छापतं’ हे दोघांतही, पण पेजमेकरमध्ये माणूस एकेक पान हाताने लावतो, चित्र इथे, कॉलम तिथे. पत्रकाला, मासिकाला झकास. आता चारशे पानांचं मशीनचं मॅन्युअल घ्या, चाळिसाव्या पानावर एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी चित्रं, आकृतीचे नंबर, ‘पान अमुक पहा’ वाले संदर्भ, अनुक्रमणिका, सूची, सगळं सरकणार, आणि ते हाताने नीट करायचं तर झालंच. इंटरलीफ (कंपनी 1981 ची, सन आणि अपोलोच्या वर्कस्टेशनवर चालायचं) आणि फ्रेममेकर ह्यांचा जन्मच ह्या दुखण्यावर. फ्रेममेकर चार्ल्स कॉर्फिल्ड नावाच्या गणितज्ञाने कोलंबियात शिकताना सनच्या मशीनवर लिहायला घेतलं, 1986 ला कंपनी झाली, 1995 ला अडोबीने घेतली. त्यातली अँकर्ड फ्रेम बघा, चित्राची चौकट मजकुरातल्या एका जागेला बांधलेली असते, मजकूर सरकला की चित्र मुकाट्याने मागे जातं. म्हणजे एकक पान नाही, अख्खं पुस्तक.
पीसीवर हे व्हेंचुराने केलं, 1986, झेरॉक्सने विकलेलं. ते मजकूर स्वतःकडे गिळायचंच नाही, वर्डस्टार ह्या वर्ड प्रोसेसरची फाइल जागेवरच राहायची, फक्त परिच्छेदाच्या आधी ॲट चिन्ह आणि टॅगचं नाव. शुद्धिपत्र म्हणतात त्या नामखुणाच, पण माउसने लावलेल्या.

टिंबटिंब:
मग ‘ग्रंथजुळणी’?

शुद्धिपत्र:
पंपाच्या मॅन्युअलला ग्रंथ म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. ‘दस्तऐवज’ कोर्टकचेरीचा वाटतो. मी तर सरळ ‘मॅन्युअल बनवायची सॉफ्टवेअर्स’ लिहीन, कुणाचं काही अडत नाही.

अर्धविराम:
ठरलं. ट्रॉफ-टेकला अक्षरजुळणी, पेजमेकरला पानमांडणी, फ्रेममेकर वगैरेंना शुद्धिपत्र म्हणतात तसं साधं. डीटीपी फक्त 1985 नंतरच्या भागात. आता शेवटचं, टेक लिहू की टेख?

टिंबटिंब:
टेक लिहिणारे डोनाल्ड क्नूथ स्वतः सांगतात की शेवटचं अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, घसा खरवडून म्हणायचं. मूळ ग्रीक शब्द ‘तेख्ने’, त्यात कला आणि कसब दोन्ही येतं. म्हणजे टेख बरोबर. पण लोक टेकच म्हणतात आणि टेख लिहिलंत तर प्रूफवाला ती चूक समजून सुधारेल, तेव्हा एकदा टेख लिहून पुढे टेक चालवा.