जुन्या रेग्युलेटरची तुलना

पंख्याचे जुने, बेकेलाइटचे (सुरुवातीच्या काळातल्या कडक प्लॅस्टिकचे) रेग्युलेटर वीज खातात, म्हणून ते संग्रहातही नकोत, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. मुंबईच्या चोरबाजारात मिळालेला माझा रेग्युलेटर उघडला, तेव्हा चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली तार आणि पितळी संपर्क दिसले. पंखा मंद असताना ही तार तापते आणि वीज उष्णतेत वाया जाते, मात्र पूर्ण वेगावर ती विद्युतमंडलाबाहेर असते. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणलेल्या टप्प्यांच्या नव्या रेग्युलेटरमध्ये २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरॅड क्षमतेचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) आहेत, ते जवळजवळ तापत नाहीत आणि पंखाही गुणगुणत नाही. ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला तिसऱ्या प्रकारचा रेग्युलेटर विजेची लहर कापतो, त्यामुळे मंद वेगावर गुणगुण ऐकू येते. तुलना करताना पंखा मात्र एकच ठेवावा.