मदत हवी आहे : कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांचं पुढे काय झालं, हे मोजायचं कसं?

कोरा_कागद

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय : सरकारी पैशातून चालणारी दोन-तीन महिन्यांची प्रशिक्षणं आणि ती घेतलेल्यांना खरंच काम मिळालं का. मुख्यतः प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. मराठवाड्यातल्या माझ्याच तालुक्यात (याहून जास्त पत्ता देत नाही) गेल्या आठ-नऊ वर्षांत शिवणकाम, ब्यूटी पार्लर, मोबाइल रिपेअरिंग, दवाखान्यातल्या मदतनीस अशा बऱ्याच बॅच झाल्या. माझी चुलत बहीण शिवणकामाच्या एका बॅचमधली. प्रमाणपत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय, आणि ती घरीच असते. विषय तिथूनच सुचला.

देशाचे आकडे मिळतात. डिसेंबर २०२५मध्ये संसदेत ठेवलेल्या कॅगच्या (सरकारी हिशोब तपासणारी यंत्रणा) अहवालात आहे की अल्पमुदत प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्प मिळून ५६.१४ लाख जणांना प्रमाणपत्र मिळालं, त्यांतले २३.१८ लाख कामाला लागले. म्हणजे ४१ टक्के. पण मला तालुका हवाय, बॅच हवी.

आतापर्यंत काय केलं : एका सेंटरवर गेले, तिथे आता स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो. दुसऱ्या सेंटरवाल्यांनी चहा पाजला आणि एक यादी दिली. त्यावरून पहिल्या दिवशी चाळीस फोन केले. निम्मे लागलेच नाहीत. तीन वेगवेगळ्या नावांसमोरचा नंबर एकाच माणसाचा निघाला आणि तो माझ्यावरच भडकला. माहिती अधिकारात मुलांची नावं, फोन आणि नोकरीचा तपशील मागितला, तर "सदर माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने नाकारण्यात येत आहे" असं पत्र आलं.

मार्गदर्शक सर म्हणतात, पोर्टलवरचे आकडे घे, दोन तक्ते कर आणि मोकळी हो. मला तसं करायचं नाहीये. मे अखेर जमा करायचंय. बॅचनिहाय माहिती कुठून मिळेल? 'प्लेसमेंट' म्हणजे नेमकं काय धरतात? आणि समजा शंभर जणींशी बोलले, तरी प्रशिक्षणामुळेच काम मिळालं असं म्हणता येतं का?

भर_दुपारी

ताई, वेळ घालवू नका. सगळा पैसे खायचा धंदा आहे. प्रबंधात एवढं एक वाक्य लिहा आणि जमा करा.

उंबरठा

@भर_दुपारी, सगळा नाही हो. मी अशाच एका सेंटरला दोन वर्षं मोबिलायझर होतो. मोबिलायझर म्हणजे गावोगाव फिरून मुलं गोळा करणारा. बॅच भरली नाही की शिव्या खाणारा तोच. आमच्या दवाखाना मदतनीस बॅचच्या पोरी कोविडच्या काळात पटापट लागल्या, त्यांतल्या काही आजही कामावर आहेत. शिवणकामाची गोष्ट वेगळी.

@कोरा_कागद, आधी पैसे कसे यायचे ते समजून घ्या, मग आकडे आपोआप कळतील. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१६ ते २०) सेंटरला प्रशिक्षणाचा खर्च तीन हप्त्यांत मिळायचा : बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्रानंतर ५० आणि प्लेसमेंटवर शेवटचे २०. बॅचमधली ७० टक्के मुलं लागली तर शेवटचा हप्ता पूर्ण. ५० ते ७०च्या मधे असाल तर त्या प्रमाणात. ५०च्या खाली गेलात तर भोपळा. आणि हे सगळं प्रमाणपत्रानंतर ९० दिवसांच्या आत दाखवायचं.

त्यामुळे आमच्याकडे प्लेसमेंट म्हणजे 'कागद पूर्ण झाला'. मी स्वतः पोरांना गाडीत घालून चाकणला सोडून आलोय. ठेकेदाराचं पत्र मिळायचं, खोलीभाडं आणि मेसचे पैसे गेले की हातात फार उरायचं नाही. पोळ्याला गावी आली की त्यातली निम्मी परत जायची नाहीत. पण ९० दिवसांच्या हिशोबात ती लागलेलीच. खोटं नव्हतं ते. पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तरही ते नव्हतं.

फोन नंबरचं म्हणाल, तर ज्या पोरीकडे फोन नव्हता तिच्या नावापुढे मोबिलायझरचा नंबर टाकायचो. भडकलेला माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असणार. माझ्यातर्फे सॉरी.

तळटीप

माहिती अधिकारावर लिहितो, बाकी जाणकार सांगतीलच.

नावं आणि फोन मागितलेत तिथे गाडं अडलं. विदा (डेटा) संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५पासून माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येते. व्यापक जनहिताचा मुद्दा कलम ८(२) खाली अजून मांडता येतो, पण मे महिन्याच्या आत ती लढाई संपणार नाही. तुम्हाला नावं लागतातच कशाला? बॅचनिहाय संख्या मागा : बॅच क्रमांक, जॉब रोल, सुरू आणि संपल्याची तारीख, नोंदणी किती, परीक्षेला किती, उत्तीर्ण किती, प्लेसमेंट किती, आणि तिसऱ्या हप्त्यापोटी किती रक्कम दिली. यात वैयक्तिक काहीच नाही. कलम ४(१)(ख) वाचून अर्जात त्याचा उल्लेख करा. योजनेवर किती खर्च झाला आणि लाभ कुणाला मिळाला, हे कुणी न मागताही जाहीर करायचं असतं.

अर्ज कुठे करायचा हे आधी ठरवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात योजनेचा एक भाग थेट केंद्राकडून चालायचा, दुसरा राज्यामार्फत. आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटी आहे. चुकीच्या दारात गेलात तर कलम ६(३)प्रमाणे पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवणं त्यांचं काम. पण प्रत्यक्षात तो कुठल्यातरी टेबलावर झोपतो. राज्याकडच्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय. केंद्राकडे ५०० शब्द चालतात. शुल्क दोन्हीकडे १० रुपये. नकाराचं पत्र येऊन ३० दिवस झाले नसतील तर पहिलं अपीलही टाका, राज्याकडे असेल तर २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

आकडेमोड

तळटीप यांनी सांगितलेली बॅचनिहाय संख्या हाती आली तर सगळ्यात आधी एक साधा आलेख काढ (एकेरीत बोलतो, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे). आडव्या अक्षावर प्लेसमेंटची टक्केवारी, उभ्यावर बॅचची संख्या. तीस जणांच्या बॅचमध्ये ७० टक्के म्हणजे २१. समजा २१ आणि २२वर बॅचचा ढीग लागला आणि १९-२०वर जवळजवळ कुणीच नाही, तर तो बाजाराचा नाही, हप्त्याचा परिणाम आहे. ढीग नाही लागला तर तसंही लिही, तोही निष्कर्षच.

दोन ठिकाणी बहुतेक जण फसतात. एक, आरपीएल. अनुभवी गवंड्याला किंवा सुताराला थोड्या तासांची तोंडओळख देऊन प्रमाणपत्र देतात ते. तो आधीच कामावर असतो, त्याला 'लावायचा' प्रश्नच नव्हता. त्याला बेरजेत धरलंस तर टक्केवारी उगाच घसरते. दुसरं, चौथा टप्पा. त्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचे पैसे प्लेसमेंटपासून सोडवले आहेत, त्यामुळे आधीच्या टप्प्यांशी एका तक्त्यात त्याची तुलना करू नकोस.

तिसरा प्रश्न तू खरा विचारलास. माणूस प्रशिक्षणाला कधी येतो? हातचं काम सुटलेलं असतं तेव्हा. म्हणजे त्याची 'आधीची' कमाई मुळात खड्ड्यातली असते, काहीच केलं नसतं तरी ती थोडी वर आली असती. अमेरिकेत ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी १९७८मध्ये हे दाखवलं, तेव्हापासून या खड्ड्याला त्यांचंच नाव आहे. म्हणून आधी-नंतरची तुलना पुरत नाही, सोबत दुसरा गट हवा. तुझ्या आवाक्यातला गट म्हणजे ज्यांनी त्याच बॅचला नाव दिलं पण आल्या नाहीत त्या : लग्न ठरलं, सासऱ्यांनी नको म्हटलं, एसटीची वेळ जुळली नाही. शुद्ध तुलना नाही ही, पण गावातल्या कुठल्याही मुलीपेक्षा बरी. आणि मधेच सोडून गेलेल्यांना गाळू नकोस. टक्केवारी प्रमाणपत्रवाल्यांवर नाही, नोंदणीवर काढ.

फार मोठा परिणाम दिसेल अशी आशा मात्र ठेवू नकोस. डेव्हिड मॅकेंझी यांनी २०१७मध्ये विकसनशील देशांतले असे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर प्रशिक्षणामुळे रोजगार सरासरी दोन-अडीच टक्के बिंदूंनीच (म्हणजे शंभरांत दोन-अडीच जणांनी) वाढलेला निघाला. शंभर जणींच्या नमुन्यात एवढा फरक दिसतच नाही. म्हणून 'योजना यशस्वी की अयशस्वी' हा प्रश्नच घेऊ नकोस. कोण टिकलं, कोण परतलं आणि का, एवढंच घे.

कोरा_कागद

बाप रे, एका रात्रीत एवढं! आलेखाची कल्पना भारी आहे. अर्ज आजच नव्याने लिहिते.

@आकडेमोड काका, पीएलएफएसमधून (सरकारचं रोजगाराचं सर्वेक्षण) काही मिळेल का? सर एकदा म्हणाले होते.

आकडेमोड

मिळेल, पण तालुका नाही मिळणार. त्या सर्वेक्षणात व्यावसायिक प्रशिक्षण घेतलं का, कुठल्या क्षेत्रात, किती मुदतीचं आणि पैसे कुणी भरले असे प्रश्न असतात. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केलीस की घरनिहाय फाइल फुकट उतरवता येते. सरकारी खर्चाने कमी मुदतीचं प्रशिक्षण घेतलेल्या महाराष्ट्रातल्या लोकांचं साधारण चित्र त्यातून निघेल. पण योजनेचं नाव विचारत नाहीत, हे ठळक लिही. पहिल्या प्रकरणासाठी ठीक आहे, प्रबंध त्यावर उभा करू नकोस.

आठवड्याचा_बाजार

थोडं अवांतर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणवाल्यांना यात घेऊ नका. मी स्वतः त्यात होतो. ते २०२४चं, आस्थापनेत बसून सहा महिने काम, बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. नंतर पाच महिने वाढवलं. आम्हाला विचारलंत तर "काम होतं" म्हणू, आणि मुदत संपल्यावर विचारलंत तर वेगळंच म्हणू. तारीख बघून विचारा.

जुनी_अंगणवाडी

मी अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त. सर्वेक्षणं भरण्यात हयात गेली, म्हणून सांगते.

फोनवर विसंबू नको बाळ. रिचार्ज संपला की नंबर बदलतो. गावात जा, आशाताईला नाहीतर बचत गटाच्या सीआरपीला (गावातले गट बघणाऱ्या ताईला) गाठ. पोरगी कुठे नांदतेय, नवरा कुठे कामाला, पुण्याला गेली की माहेरी आली, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीपासून बाहेर असतात, पाडव्याच्या आसपास परततात. तेव्हा जा. आधार नंबर मागायचा नाही. मागितलास की पुढची चार दारं बंद.

आणि "काम करतेस का?" असं कधीच विचारू नको. दिवसभर राबणारी बाईसुद्धा म्हणते, "काही नाही, घरीच असते." त्याऐवजी विचार, गेल्या महिन्यात ब्लाउज किती शिवले? फॉल-पिको किती? एका ब्लाउजचे किती घेतेस? मशीन कुणाचं? मग बघ.

उंबरठा

आजींना दंडवत. यात माझी एक भर : जे कारखान्यात आहोत म्हणतात त्यांना "पीएफ कापतात का?" एवढं विचारा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कापायला हवा. मोबाइलवर पासबुक दाखवलं तर किती महिने टिकला ते तिथेच दिसतं, पत्रापेक्षा ते खरं. दुकानात लागलेल्याचा पीएफ नसतो, म्हणून तो बेकार असं मात्र धरू नका.

तळटीप

धाग्यात कॅगचा विषय निघालाच आहे म्हणून. त्यांनी लाभार्थींना ई-मेलवर प्रश्नावली पाठवली होती. एक तृतीयांशाहून जास्त मेल पोचलेच नाहीत. उत्तरं आली १७१, आणि त्यांतली १३१ एकाच पत्त्यावरून किंवा प्रशिक्षण संस्थांच्याच पत्त्यांवरून. कॅगची ही गत, तर तुमचे चाळीस फोन काय घेऊन बसलात! न लागलेल्या फोनचीही नोंद ठेवा : बंद, चुकीचा, दुसऱ्याचाच. ते एक वेगळं प्रकरण होईल.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी परत येतेय. दोन्हीकडचे अर्ज गेलेत, उत्तर अजून नाही. आशाताईंच्या मदतीने चार गावं झाली. फोनवर सहा दिवसांत जितक्या मिळाल्या नव्हत्या तितक्या एका दुपारी मिळाल्या, वर जेवणही झालं.

पण अडकलेय ती दुसरीकडेच. जुनी_अंगणवाडी यांनी सांगितलेला प्रश्न सगळ्यात आधी घरात, चुलत बहिणीलाच विचारला. "गेल्या महिन्यात ब्लाउज किती?" तर म्हणे, लग्नसराई आहे, चाळीसेक झाले असतील. दीडशे रुपये एकाचे. मी तीन वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत राहतेय!

मी खुशीत लिहून घेत होते, तर म्हणाली, "पण कटिंग मी मामीकडे शिकले गं. सेंटरला मशीन सहा नि आम्ही तीस." मग थोडा वेळ थांबून : "तिकडे जायच्या निमित्ताने घराबाहेर पडता आलं, आणि प्रमाणपत्र बघून ह्यांनी मशीन घेऊन दिलं."

आता हिला कुठल्या रकान्यात टाकू?

आकडेमोड

दोन रकाने कर. 'कौशल्य कुठे मिळालं' आणि 'मशीन कशामुळे मिळालं'. हाच प्रश्न बाकीच्या सगळ्यांनाही विचार, झालेल्या चार गावांतल्यासुद्धा.

जुनी_अंगणवाडी

आणि दीडशे रुपये अस्तराचे की बिनअस्तराचे, तेही लिहून घे.